रुग्णशय्येपाशी गुडघे टेकणारा संत : संत कमिलस दि लेलिस

दरवर्षी १४ जुलै रोजी ख्रिस्तसभा संत कमिलस दि लेलिस ह्यांचे स्मरण करते. रुग्ण, रुग्णालये आणि परिचारिका ह्यांचे ते आश्रयदाते संत आहेत. अनेक रुग्णालयांच्या प्रार्थनालयांत त्यांची तसबीर आढळते. परंतु त्यांची जीवनकथा आपल्या भाविकांना तितकीशी परिचित नाही. ती परिचित व्हावी, ह्या हेतूने हा लेख आम्ही वाचकांपुढे ठेवीत आहोत.

आजाऱ्यांना ख्रिस्तप्रसाद देण्यासाठी घरोघरी जाताना आम्हांला एक गोष्ट सतत जाणवत आली आहे. रुग्णालयातून घरी परतलेला माणूस औषधांची नावे सांगत नाही. आपल्यावर नेमके कोणते उपचार झाले, हेही त्याला पुष्कळदा सांगता येत नाही. परंतु रात्री घशाला कोरड पडली तेव्हा पाणी कोणी दिले, ओली चादर कोणी बदलली, वेदनेने कण्हत असता कोण खेकसले आणि कोणी कपाळावर हात ठेवला, हे मात्र तो वर्षानुवर्षे विसरत नाही. रुग्णाचे समाधान अशा लहान लहान गोष्टींवर उभे असते. चारशेहून अधिक वर्षांपूर्वी रोम शहरात एका माणसाने ही गोष्ट ओळखली आणि तिच्यासाठी आपले सारे आयुष्य वेचले. विशेष म्हणजे तो वैद्य नव्हता. तो स्वतः एक रुग्ण होता आणि रुग्णसेवेच्या पहिल्याच नोकरीतून त्याला काढून टाकण्यात आले होते.

जुगारी शिपाई

कमिलसचा जन्म २५ मे १५५० रोजी इटलीतील अब्रुझ्झो प्रांतात, किएती शहराजवळील बुक्कियानिको ह्या गावी झाला. हा प्रदेश त्या काळी नेपल्सच्या राज्यात मोडत असे. वडील जोव्हान्नी दि लेलिस लष्करात अधिकारी होते. आई कमिला हिचे वय मुलाच्या जन्मसमयी बरेच झालेले होते. छातीवर क्रूस असलेला एक मुलगा आणि त्याच्यामागून चालणारी, तशीच खूण धारण केलेली इतर मुले असे स्वप्न तिला पडले होते, अशी कथा सांगतात. आपला मुलगा दरोडेखोरांचा नायक होणार की काय, ह्या भीतीने त्या माउलीचा जीव कासावीस झाला. कमिलस बारा-तेरा वर्षांचा असतानाच ती देवाघरी गेली.

वडील मोहिमांवर आणि मुलावर कोणाचा धाक नाही, अशा स्थितीत कमिलस वाढला. शरीराने तो धिप्पाड होता. त्याची उंची सुमारे साडेसहा फूट होती असे म्हणतात. स्वभाव तापट होता आणि जुगाराचे व्यसन तर वडिलांकडूनच लागलेले. व्हेनिसच्या सैन्यात भरती होण्यासाठी बापलेक निघाले असता वाटेतच वडिलांचे निधन झाले. ह्याच सुमारास कमिलसच्या पायाला एक जखम झाली. ती चिघळली आणि पुढे आयुष्यभर कधीच पुरती बरी झाली नाही.

रुग्ण आणि नोकर

ही जखम घेऊन १५७१ साली तो रोमला आला आणि सान जाकोमो रुग्णालयात दाखल झाला. हे रुग्णालय असाध्य रोग्यांसाठी होते. उपचाराच्या मोबदल्यात कमिलस तेथे नोकर म्हणून राबू लागला. परंतु हातात पत्ते आले की त्याला रुग्णांचे भान राहत नसे. सहकाऱ्यांशी त्याची भांडणे होत. सुमारे नऊ महिन्यांनी व्यवस्थापकांनी त्याला कामावरून काढून टाकले.

ह्या प्रसंगाकडे आम्ही वाचकांचे लक्ष मुद्दाम वेधू इच्छितो. पुढे ज्याने रुग्णसेवेचे नियम घालून दिले, तो आरंभी स्वतःच एक बेपर्वा परिचारक होता. निष्काळजी नोकर कसा वागतो आणि अंथरुणाला खिळलेल्या माणसाला त्याचे काय भोगावे लागते, ह्या दोन्ही बाजू त्याने अनुभवल्या होत्या. त्याच्या भावी कार्याचे बीज ह्याच अनुभवात आहे असे आम्हांला वाटते.

ह्यानंतरची काही वर्षे शिपाईगिरीत आणि जुगारात गेली. १५७४ साली नेपल्समध्ये तो सर्वस्व हरला. अंगावरचा सदराही त्याने डावावर लावून घालवला अशी आख्यायिका आहे. हिवाळ्याच्या तोंडावर मानफ्रेदोनिया गावात चर्चच्या दारापाशी तो भीक मागत उभा राहिला. कपुचिन व्रतस्थांच्या मठाचे बांधकाम तेथे चालू होते. त्यांनी त्याला मजुरीचे काम दिले.

मठाच्या कामासाठी तो सान जोव्हान्नी रोतोंदो येथील मठात गेला असता तेथील प्रमुखांनी त्याला देवाविषयी चार शब्द सांगितले. दुसऱ्या दिवशी, २ फेब्रुवारी १५७५ रोजी, प्रभू येशूच्या मंदिरातील समर्पणाच्या सणादिवशी, परतीच्या वाटेवर ते शब्द त्याच्या अंतःकरणाला भिडले. तो वाटेतच खाली उतरला आणि गुडघे टेकून ढसाढसा रडला. त्या वेळी तो चोवीस वर्षांचा होता. त्या दिवसापासून तो वेगळाच माणूस झाला.

जखमेने दाखवलेली वाट

कमिलस ह्यांनी कपुचिन संघात प्रवेश घेतला. परंतु अंगावरचा जाडाभरडा झगा जखमेवर घासू लागला आणि जखम पुन्हा उघडली. त्यांना संघ सोडावा लागला. ते सान जाकोमोला परतले, उपचार घेतले आणि चार वर्षे तेथे सेवा केली. १५७९ साली ते पुन्हा कपुचिन मठात गेले आणि त्याच कारणाने पुन्हा परत आले. आपले मन ज्या वाटेने जाऊ पाहते ती वाट देव बंद करतो आणि ज्या दारातून आपण एकदा हाकलले गेलो तेच दार पुन्हा उघडतो, हे त्यांना उमगले. सान जाकोमो रुग्णालयाने त्यांच्यात झालेला बदल पाहून त्यांना आपला कारभारी नेमले. एके काळच्या नोकराच्या हाती आता सर्व नोकरांची देखरेख आली.

त्या काळची रुग्णालये कशी होती, हे वाचकांनी नजरेसमोर आणावे. रुग्णांची सेवा तुटपुंज्या पगारावर ठेवलेले नोकर करीत. त्यांना ना शिक्षण होते ना आस्था. खाटा दिवसेंदिवस घाणीत राहत. ज्याला स्वतःच्या हाताने जेवता येत नसे तो पुष्कळदा उपाशीच राही. रात्रीच्या वेळी हाक मारली तर ओ देणारा कोणी नसे. प्राण जाण्यापूर्वीच रुग्णाला मृत समजून उचलून नेल्याचे प्रकारही घडत.

शिवाय हे असाध्य रोग्यांचे रुग्णालय होते. येथे आलेल्या कित्येकांना बरे करण्याचे सामर्थ्य त्या काळच्या वैद्यकात नव्हते. त्यांना मिळण्याजोगे जे काही होते ते म्हणजे स्वच्छ अंथरूण, पोटभर अन्न, वेळेवर मिळणारा मदतीचा हात आणि चार गोड शब्द. तेही नाकारले गेले तर त्यांच्या वाट्याला काहीच उरत नव्हते. उपचार संपतात तेथेही सेवा संपत नाही. किंबहुना तेथेच सेवेची खरी कसोटी लागते, हे कमिलस ह्यांनी ह्या वॉर्डांतून फिरता फिरता जाणले.

प्रथम त्यांनी देखरेख कडक केली. दिवसा व रात्री अवेळी वॉर्डात जाऊन ते कामाची पाहणी करीत. कामचुकार नोकरांना ताकीद देत, काहींना कामावरून काढीत. परंतु धाकाने काम होते, माया उत्पन्न होत नाही, हे लवकरच त्यांच्या ध्यानात आले. पाठ वळली की पूर्वीचेच सुरू होई. १५८२ च्या ऑगस्ट महिन्यात, पवित्र मरियेच्या स्वर्गोन्नयनाच्या सणाच्या सुमारास, एका रात्री त्यांच्या मनात विचार आला. पगारासाठी नव्हे, तर केवळ देवप्रीतीसाठी रुग्णांची सेवा करणाऱ्या माणसांचा एक संघ का उभारू नये?

पाच सहकारी त्यांना येऊन मिळाले. रुग्णालयातील एका खोलीत ते प्रार्थनेसाठी जमू लागले. रुग्णालयाच्या चालकांना मात्र संशय आला. हा माणूस रुग्णालय ताब्यात घेऊ पाहतो असे त्यांना वाटले आणि ते लहानसे प्रार्थनालय मोडून टाकण्यात आले. कमिलस ह्यांचे पापनिवेदन ऐकणारे त्यांचे आध्यात्मिक मार्गदर्शक, महान संत फिलिप नेरी, ह्यांनाही रुग्णालय सोडून वेगळा संघ काढण्याची ही कल्पना पटली नाही. त्या खिन्न अवस्थेत क्रुसावरील प्रभूने आपले हात पुढे करून कमिलस ह्यांना धीर दिला, अशी त्यांच्या संघाची परंपरा आहे. हे कार्य तुझे नसून माझे आहे, असा त्या दर्शनाचा आशय होता.

रुग्णांची आध्यात्मिक सेवाही करता यावी म्हणून त्यांनी धर्मगुरू होण्याचे ठरवले. वयाच्या बत्तिसाव्या वर्षी येशूसंघीयांच्या रोमन कॉलेजात लहान मुलांच्या बाकावर बसून ते लॅटिन शिकले. २६ मे १५८४ रोजी, इंग्लंडमधून निर्वासित झालेले बिशप थॉमस गोल्डवेल ह्यांच्या हस्ते त्यांना गुरुदीक्षा मिळाली. आपली पहिली मिस्सा त्यांनी सान जाकोमो रुग्णालयातच अर्पण केली.

आईच्या मायेचे नियम

ह्यानंतर फादर कमिलस आणि त्यांचे सोबती सान्तो स्पिरितो ह्या रोममधील मोठ्या रुग्णालयात सेवेसाठी जाऊ लागले. ह्याच काळात त्यांनी रुग्णसेवेचे नियम लिहून काढले. हे नियम वाचताना नवल वाटते ते त्यांतील बारकाव्यांचे. सेवकाने रुग्णाशी उद्धटपणे बोलू नये. सौम्यतेने व आदराने वागावे. अंथरूण बदलताना रुग्ण उघडा पडणार नाही आणि त्याला थंडी वाजणार नाही, ह्याची काळजी घ्यावी. जेवणाच्या वेळी कोण जेवत नाही इकडे लक्ष ठेवावे आणि त्याला प्रेमाने चार घास भरवावेत. ह्या सर्वांच्या मुळाशी त्यांनी एक मागणे ठेवले : प्रत्येक सेवकाने देवाजवळ आईचे हृदय मागून घ्यावे. एकुलते एक मूल आजारी पडले असता आई ज्या मायेने त्याची शुश्रूषा करते, त्या मायेने त्याने परक्या रुग्णाची शुश्रूषा करावी.

माया हवी, पण तिला शिस्तीचीही जोड हवी, हे ते ओळखून होते. खोल्यांत मोकळी हवा यावी, प्रत्येकाला त्याच्या प्रकृतीस मानवेल असा आहार मिळावा, संसर्गजन्य रोग झालेल्यांना वेगळे ठेवावे, ह्याबद्दल ते आग्रही असत. रोगजंतूंचे ज्ञान जगाला होण्यापूर्वी सुमारे तीन शतके ही दक्षता ते घेत होते. मरणासन्न रुग्णाचा श्वास थांबल्यासारखा वाटला तरी लगेच त्याचा चेहरा झाकू नये. किमान पाव तास त्याच्यापाशी प्रार्थना करीत राहावे, असा दंडकही त्यांनी घातला. ह्या एका नियमाने जिवंत माणूस मृत समजून नेला जाण्याचा धोका टळला आणि मरणाऱ्याला सोबतही मिळाली.

ते स्वतः रुग्णाला गुडघ्यांवर बसून भरवीत. रुग्णांना ते आपले धनी मानीत. त्यांच्या दृष्टीने खाटेवर प्रत्यक्ष ख्रिस्त निजलेला असे. एकदा एक बडे अधिकारी भेटीस आले असता, आपण आता प्रभूच्या सेवेत आहोत, ती आटोपली की येऊ, असा निरोप त्यांनी रुग्णाच्या खाटेपासूनच पाठवला असे सांगतात. हातांत अधिक हृदय ओता, असे ते आपल्या बंधूंना सतत बजावीत.

तांबडा क्रूस

१८ मार्च १५८६ रोजी पोप सिक्स्टस पाचवे ह्यांनी ह्या मंडळाला मान्यता दिली आणि त्याच वर्षी २६ जून रोजी काळ्या झग्यावर तांबडा क्रूस धारण करण्याची अनुमती दिली. आईने स्वप्नात पाहिलेल्या खुणेचा अर्थ आता उलगडला. येथे एक खुलासा करणे इष्ट ठरेल. १८६३ साली स्थापन झालेल्या रेडक्रॉस संघटनेचे चिन्ह स्वित्झर्लंडच्या ध्वजाचे रंग उलटवून घेतलेले आहे. ते कमिलस ह्यांच्यापासून आलेले नाही. तरीही त्या संघटनेच्या पावणेतीनशे वर्षे आधी हे तांबड्या क्रुसाचे सेवक दुःखितांच्या मदतीस धावत होते, ही गोष्ट आपल्याला अभिमानास्पद आहे.

२१ सप्टेंबर १५९१ रोजी पोप ग्रेगरी चौदावे ह्यांनी मंडळाला पूर्ण व्रतस्थ संघाचा दर्जा दिला. दारिद्र्य, ब्रह्मचर्य व आज्ञाधारकता ह्या तीन व्रतांखेरीज हे व्रतस्थ चौथे व्रत घेतात : स्वतःच्या जिवाला धोका असला तरी रुग्णसेवा सोडणार नाही. हे व्रत केवळ कागदावर राहिले नाही. नेपल्सजवळ जहाजांवर साथ पसरली असता संघाचे बंधू त्या रुग्णांच्या सेवेस गेले आणि काहींनी त्यात प्राण गमावले. १५९० आणि १५९१ साली रोममध्ये दुष्काळ आणि साथ एकदम आली, तेव्हाही तेच घडले. १५९५ आणि १६०१ साली तुर्कांविरुद्धच्या युद्धात जखमी सैनिकांच्या शुश्रूषेसाठी संघाचे सदस्य रणभूमीवर गेले. १५९८ च्या नाताळात टायबर नदीला महापूर आला. तेव्हा फादर कमिलस आणि त्यांच्या बंधूंनी सान्तो स्पिरितोमधील दोनशेहून अधिक रुग्णांना उचलून वरच्या मजल्यावर नेले आणि वाचवले.

आपल्याच घरातील मतभेद

त्यांची वाट आतूनही सोपी नव्हती. १५९४ साली मिलान येथील मोठ्या रुग्णालयाची संपूर्ण सेवा त्यांनी स्वीकारली. बंधूंनी रुग्णालयातच राहावे आणि अंथरूण घालण्यापासून मलमूत्र काढण्यापर्यंत रात्रंदिवस सारे काही करावे, असा त्यांचा आग्रह होता. संघातील काही ज्येष्ठांना ते मान्य नव्हते. एवढ्या श्रमाने तरुण बंधू आजारी पडतील, प्रार्थनेला वेळ उरणार नाही आणि धर्मगुरूंचे खरे काम मागे पडेल, अशी त्यांची चिंता होती. ही चिंता निराधार नव्हती; अनेक बंधू अल्पवयात मरण पावत होते. कमिलस मात्र मरणासन्नाला केवळ प्रार्थना देऊन त्याची तहान तशीच ठेवायला तयार नव्हते. अखेर १६०० साली पोप क्लेमेंट आठवे ह्यांनी ह्या वादावर मध्यम मार्ग काढला.

सेवा करणाऱ्याची प्रकृती आणि रुग्णाची गरज ह्यांचा मेळ कसा घालावा, हा प्रश्न आजही सुटलेला नाही. एका परिचारिकेवर झेपणार नाहीत इतके रुग्ण सोपवले, तर तिच्या आवाजात गोडवा कोठून राहणार? रुग्णांच्या समाधानाची चिंता वाहणाऱ्या चालकांनी सेवकांच्या विश्रांतीची आणि वेतनाचीही चिंता वाहिली पाहिजे. त्या ज्येष्ठांच्या काळजीतून घेण्याजोगा धडा आहे तो हाच.

२ ऑक्टोबर १६०७ रोजी फादर कमिलस ह्यांनी संघप्रमुखपद सोडले आणि ते पुन्हा साधे सेवक झाले. पायाची जखम शेचाळीस वर्षे त्यांच्या सोबतीला होती. त्याखेरीज अंतर्गळ, पायाला पडलेली कुरुपे, मूत्रखड्यांच्या कळा आणि अन्नावरची वासना उडणे ह्या व्याधी त्यांना जडल्या होत्या. ह्या पाच दुखण्यांना ते ईश्वराच्या पाच कृपा म्हणत. पायांत उभे राहण्याचे बळ उरले नाही, तेव्हाही ते एका खाटेवरून दुसऱ्या खाटेकडे अक्षरशः सरपटत जात आणि कोणाला काही हवे का, असे विचारीत. १४ जुलै १६१४ रोजी रोम येथे, वयाच्या चौसष्टाव्या वर्षी, त्यांनी देह ठेवला. २९ जून १७४६ रोजी पोप बेनेडिक्ट चौदावे ह्यांनी त्यांना संतपद बहाल केले. १८८६ साली पोप लिओ तेरावे ह्यांनी त्यांना व संत जॉन ऑफ गॉड ह्यांना रुग्णांचे आणि रुग्णालयांचे आश्रयदाते म्हणून घोषित केले आणि १९३० साली पोप पायस अकरावे ह्यांनी परिचारिकांनाही त्यांच्या छत्राखाली आणले. सान जाकोमो रुग्णालय २००८ साली बंद झाले. परंतु तेथे जन्मलेले कार्य आज अनेक देशांत चालू आहे आणि त्यात आपला भारतही आहे.

आपल्यासाठी

आज सेवेच्या गुणवत्तेचे शास्त्र झाले आहे. १९८८ साली परशुरामन, झाइथम्ल आणि बेरी ह्या अमेरिकेतील अभ्यासकांनी सेवेची पारख करण्यासाठी पाच कसोट्या मांडल्या : दिसणारी स्वच्छता व साधने, विश्वासार्हता, तत्परता, धीर देणारे कौशल्य आणि आस्था. पुढे रुग्णालयांतही त्या वापरल्या जाऊ लागल्या. रुग्णाला घरी सोडताना त्याच्या हाती जी प्रश्नावली दिली जाते, तिच्यातून बहुधा ह्याच गोष्टी विचारल्या जातात. संत कमिलस ह्यांच्या नियमांशेजारी ह्या कसोट्या ठेवून पाहिल्या तर स्वच्छ अंथरूण, चुकता न येणारी जेवणाची वेळ, रात्रीच्या हाकेला मिळणारी ओ, शिकवून तयार केलेला सेवक आणि आईची माया, असे सारे काही त्यांत सापडते. प्रश्नावली आवश्यक आहे, कारण रुग्णाला काय वाटते हे विचारल्याखेरीज कळत नाही. मात्र तिला उत्तर देऊ न शकणारेही रुग्ण असतात. बेशुद्ध, बेवारस, मरणाच्या दारातले हे रुग्ण तक्रार करीत नाहीत की आभारही मानीत नाहीत. त्यांच्या खाटेपाशी आपण कसे वागतो, ह्यावरून सेवेची खरी पारख होते. तेथे पाहणारा एकटा प्रभू असतो आणि मत्तयच्या शुभवर्तमानातील शेवटच्या न्यायाच्या प्रसंगी तो आपल्याला विचारणार आहे तेही हेच.

आपल्या धर्मग्रामांतील कितीतरी मुली परिचारिका म्हणून देशात व परदेशात सेवा बजावीत आहेत. कितीतरी तरुण वॉर्डबॉय, तंत्रज्ञ वा डॉक्टर म्हणून रुग्णालयांत काम करतात. त्यांना आम्ही सांगू इच्छितो की तुमची पाळी ही तुमची उपासनाही आहे. एखाद्या दिवशी थकव्याने तुमच्या तोंडून कठोर शब्द गेला असेल तर निराश होऊ नका. कमिलस ह्यांना तर नोकरीवरूनच काढले गेले होते. देवाने त्यांनाच परत बोलावून त्या घराचा कारभारी केले. आणि ज्यांच्या घरात वृद्ध आईवडील अंथरुणाला खिळले आहेत, त्यांचे घर हेच त्यांचे सान जाकोमो आहे. तेथे प्रश्नावली घेऊन कोणी येणार नाही. म्हणून आज संध्याकाळी त्या खाटेपाशी थोडा वेळ बसा आणि त्यांना काय हवे आहे ते विचारा.

संत कमिलस, आम्हांसाठी व आमच्या सर्व आजाऱ्यांसाठी विनंती कर.